डिस्को एलिझियम मालकी-वाद
'डिस्को एलिझियम' (2019) या व्हिडिओ गेमच्या मालकीवरून त्याचे निर्माते आणि तो बनवणाऱ्या झाऊम स्टुडिओ या कंपनीत बहुमताचे भाग असलेले भागधारक यांच्यात उद्भवलेला वाद. गेममधील काल्पनिक जग रॉबर्ट कुर्वित्झ यांनी एस्टोनियातील मित्रांसह टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळांतून रचले होते. 2013 मध्ये त्यांची त्याच जगातली कादंबरी आली. म्हणजे हे जग कंपनीच्याही आधीचे, आणि वादाचे मर्म इथेच आहे. कुर्वित्झ व चित्रकार अलेक्झांडर रोस्टोव यांनी 2022 मध्ये खुल्या पत्रातून आरोप केला, की कंपनीचेच पैसे वापरून बहुमताचे भाग खरेदी झाले. कंपनीने आरोप फेटाळले आणि दोघांना गैरवर्तनामुळे काढल्याचे सांगितले.

आरोप बाजूला ठेवले तरी मूळ दोष उरतो: हक्क कंपनीच्या नावावर असले, की बहुमताचे भाग ज्याच्या हाती, ते जगही त्याच्याच हाती. गुंतवणूकदारांनी जोखीम घेतली, शिवाय गेम अनेकांच्या श्रमातून उभा राहतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण जोखमीचा मोबदला नफ्यातून चुकता होतो; त्यासाठी पुढच्या प्रत्येक कथेवरचा हक्क द्यावा लागत नाही. मूळ जग लेखकाकडे ठेवून कंपनीला एका गेमपुरता परवाना देता येतो. कादंबरीवरून चित्रपट काढताना अनेकदा असेच घडते.