ऐकीव बातमीचा प्रवास : १९९५ ते २०१८

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणी गणपतीचे गाव. अशा गावातील वर्गात ‘गणपती दूध पितो’ या घटनेचा विषय काढावा का, असा प्रश्न शिक्षकांना पडू शकतो. आमच्या मते जरूर काढावा. येथे प्रश्न श्रद्धेचा नाही. बातमी पसरते कशी आणि ती पारखायची कशी, हा आहे.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी पहाटे दिल्लीत ही वार्ता उठली. एका दिवसात ती देशभर, एवढेच नव्हे तर इंग्लंड-अमेरिकेतील देवळांपर्यंत पोचली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले होऊन तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. म्हणजे ही बातमी मुख्यतः टेलिफोनने आणि तोंडोतोंडी पसरली.

मूर्ती खरोखर दूध पीत होती का? वैज्ञानिकांनी दुधात रंग घालून पाहिले, तेव्हा ते मूर्तीवरून ओघळताना स्पष्ट दिसले. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि गुरुत्वाकर्षणाने पातळ थरात खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावर तो थर सहज दिसत नाही. ओल्या दगडाचा कंगोरा आणि शाई घातलेले दूध घेतले, तर हा प्रयोग वर्गातही करता येतो.

ही अफवा निदान चमचाभर दुधाने तपासता आली. सगळ्याच अफवा अशा नसतात. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश मोबाइलवरून देशभर फिरत होते. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने याच संशयावरून ठार मारले. त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तिचा शेवटचा खुलासा कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण दोष केवळ यंत्राचा नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सुमारे ७० टक्के अधिक आढळली, आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, तर माणसांमुळे पडत होता. खोट्या बातमीत नावीन्य अधिक असते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण.

म्हणून विद्यार्थ्यांना मोबाइलवर आलेला एखादा संदेश वहीत उतरवून आणायला सांगावे आणि तीन प्रश्न विचारावेत : हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? केव्हा आणि कोठे? चित्र मुळात कशाचे आहे? उत्तरे मिळाली नाहीत, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा. राईनपाड्याला पोचलेला संदेशही वाटेत अनेकांच्या हातांतून गेला होता.