स्वस्ताईचा दुसरा मार्ग

काम स्वस्तात झाले असे ऐकले की आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी सावध होतो. बहुधा ती बचत कोणाच्या तरी मजुरीतून काढलेली असते. परंतु स्वस्ताईचा दुसराही मार्ग आहे. त्याचा पुरावा नारायणगावाजवळ खोडद येथे उभा आहे.

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अत्यंत क्षीण असतात. त्या गोळा करावयास मोठी तबकडी हवी, आणि तिच्या आकारातील चूक लहरीच्या लांबीच्या सुमारे विसाव्या भागाहून अधिक नको. पण तबकडी वाढली की वारा तिला ढकलतो. वाऱ्याशी झुंजावयास पोलाद वाढवावे लागते, आणि पोलादाबरोबर खर्च.

डॉ. गोविंद स्वरूप १९६३ साली परदेशातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनी १९६५ साली कल्याणला उभ्या केल्या. १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नव्हे, बारीक तारांचा.

खोडदला हाच विचार पुढे गेला. वाऱ्याशी झुंजण्याऐवजी त्याला वाटच का देऊ नये? लहरीपेक्षा पुष्कळ लहान असलेले छिद्र लहरीला जाणवत नाही. म्हणून बाकदार पोलादी चौकटींमध्ये तारेचे दोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बांधली. मध्यभागी तिची घरे १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. लहर परतते, वारा निघून जातो. अशा ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या झाल्या. त्यांतील १४ मध्यभागी एकवटल्या आहेत, तर १६ तीन बाजूंना दूरवर पसरल्या आहेत. २००१ साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. डॉ. स्वरूप २०२० साली निवर्तले.

आपल्या केजच्या घराघरांत बाज पाहिलेली आहे. ती सैल पडली की नवे लाकूड कोणी आणीत नाही. पायथ्याची दोरी ओढतात. बळ लाकडाच्या जाडीत नाही, ताणात आहे. खोडदची विद्या याच जातीची.

येथे बचत झाली ती पोलादाची, आणि ती विचाराने झाली. पण विचार कागदावर असतो. दोर नेमका तितकाच ताणावयास हात लागतो. शास्त्रज्ञाचे नाव आदराने घ्यावे, आणि त्याच श्वासात त्या हातांचेही स्मरण करावे. उद्या कोणी स्वस्ताईसाठी मजुरी कापा म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे: आधी पोलाद कमी करून पाहिलेस काय?