कागद आहेत, मग भय कसलं?

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदावर उद्या कडव्या उजव्या पक्षाचा उमेदवार बसला तर काय होईल, या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित घरांत एक ठरलेलं उत्तर आहे. त्यात दोन विधानं असतात. पहिलं असं की प्रचारात कुणी काहीही बोलो, खुर्चीवर बसला की माणूस मवाळ होतो. शेवटी राज्यघटना आहे, न्यायालयं आहेत, युरोपीय संघ आहे. दुसरं असं की कडक धोरण आलंच तर ते चोरवाटेने आलेल्यांसाठी. ज्यांचे कागद चोख आहेत, जे कर भरतात, भाषा शिकले आहेत, त्यांनी कशाला घाबरायचं? मुलं तुलूझ-ग्रनोबलला शिकायला गेलेल्या पुण्यातल्या आईबापांकडून मी हे ऐकलं आहे. यंदा तंजावरजवळच्या तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर एका तंजावरी मराठी गृहस्थांनीही मला हेच, जवळजवळ याच शब्दांत ऐकवलं. त्यांचे कारैकालचे जुने स्नेही पॅरिसजवळ स्थायिक आहेत. "त्यांच्याकडे सगळे कागद आहेत," ते म्हणाले.

हे उत्तर मला मान्य नाही. दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे तंजावरच्या मुलुखात जितकं स्वच्छ दिसतं तितकं पॅरिसमध्येही दिसत नसेल.

तिरुवैयारूचा फ्रान्सशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्याच लोकांनी जोडलेला आहे. १७३८ साली तंजावरच्या गादीसाठी झगडणाऱ्या सयाजी भोसल्याने पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युमा याच्याकडे मदत मागितली आणि मोबदल्यात कारैकाल देऊ केलं. पुढच्याच वर्षी ते फ्रेंचांच्या ताब्यात गेलं. सव्वादोनशे वर्षांनी, १६ ऑगस्ट १९६२ रोजी, हस्तांतराचा करार अमलात आला तेव्हा तिथल्या रहिवाशांना सहा महिन्यांची मुदत मिळाली : लेखी निवड केली तर फ्रेंच, नाहीतर आपोआप भारतीय. ज्यांनी लिहून दिलं त्यांची मुलं-नातवंडं आजही फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी पुदुच्चेरीत आणि कारैकालमध्ये मतदान करतात. २०२२ मध्ये अशा मतदारांची संख्या चार हजारांवर होती. कावेरीची अरसलार ही शाखा त्याच कारैकालला समुद्राला मिळते.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो, कारण तो दुबळा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जॉर्जा मेलोनी इटलीच्या पंतप्रधान झाल्या. त्यांच्या पक्षाची मुळं युद्धोत्तर नवफॅसिस्टांपर्यंत पोचतात. तरीही त्यांनी युरो सोडला नाही, युक्रेनची बाजू सोडली नाही, उलट परदेशी कामगारांसाठी लाखो परवाने काढले. फ्रान्समधला दाखला आणखी नेमका आहे. १९९७ साली मार्सेयजवळच्या वित्रोल शहरात नॅशनल फ्रंटच्या कातरीन मेग्रे महापौर झाल्या. त्यांच्या पालिकेने नवजात बाळामागे पाच हजार फ्रँक देण्याचं ठरवलं. अट अशी की आईबापांपैकी एक तरी फ्रेंच किंवा युरोपीय संघाचा नागरिक हवा. ज्याला हा पक्ष ‘राष्ट्रीय प्राधान्य’ म्हणतो त्याचाच हा प्रयोग, आणि तो प्रशासकीय न्यायालयात टिकला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कायदे घटनेशी ताडून पाहणाऱ्या घटना परिषदेनेही स्थलांतराच्या नव्या कायद्यातली पस्तीस कलमं पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली. मग भय कसलं?

या दाखल्यांत एक गोष्ट सुटते. महापौराचा ठराव न्यायालयाच्या खाली असतो, संसदेचा कायदा घटना परिषदेच्या खाली असतो. इटलीच्या पंतप्रधानाला संसद कोणत्याही दिवशी घरी पाठवू शकते. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष यांपैकी कुणासारखाही नाही. त्याला अविश्वास ठरावाने पाडता येत नाही, संसदेचं कनिष्ठ सभागृह, राष्ट्रीय सभा, मात्र तो बरखास्त करू शकतो, आणि सरकारच्या प्रस्तावावरून, कलम ११ खाली, एखादं विधेयक थेट जनमताला टाकू शकतो. घटनादुरुस्तीचा रीतसर मार्ग कलम ८९ मध्ये आहे आणि तो संसदेतून जातो. पण १९६२ साली राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेकडून व्हावी म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी तो मार्ग टाळून कलम ११ वापरलं. राष्ट्रीय सभेने ५ ऑक्टोबरला सरकारवर अविश्वास आणला. द गॉलनी सभाच बरखास्त केली. २८ ऑक्टोबरला सुमारे ६२ टक्क्यांनी होकार दिला. सिनेटचे अध्यक्ष मोनरव्हिल हे प्रकरण घटना परिषदेकडे घेऊन गेले. ६ नोव्हेंबरला परिषद म्हणाली की हा कायदा सार्वभौम जनतेने थेट केलेला आहे, तो तपासण्याचा आम्हाला अधिकार नाही.

हे वाचताना तंजावरच्या माणसाला कामाक्षीबाई आठवायला हव्यात. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले. मुलगा नव्हता. कंपनीने राज्य खालसा केलं, आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातली खासगी मालमत्तादेखील ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. दागिने, जडजवाहीर, घरची वस्त्रपात्रं ही राज्याची नव्हेत, घराची, हे त्या न्यायालयाला पटलं. कंपनीने अपील केलं. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. कृती न्याय्य होती असं ते म्हणाले नाहीत. ही सार्वभौम सत्तेची कृती आहे, ती तपासणं कोणत्याही न्यायालयाच्या अखत्यारीत येत नाही, एवढंच ते म्हणाले. मालमत्तेचा काही भाग पुढे राण्यांना परत मिळाला, पण कृपा म्हणून. हक्क म्हणून नाही.

एका ठिकाणी सार्वभौम म्हणजे परकी कंपनी, दुसऱ्या ठिकाणी सार्वभौम म्हणजे स्वतंत्र देशाची जनता. हा भेद फार मोठा आहे, मी तो पुसत नाही. न्यायालयाने हात कुठे आणि कोणत्या शब्दांत मागे घेतला, तेवढंच पाहा. "घटना सांभाळून घेईल" या वाक्याचा सगळा भार त्या हातावर आहे.

जाणकार यावर म्हणतील की परिषद आता १९६२ ची राहिलेली नाही. खरं आहे. २००० पासून जनमत बोलावणारा हुकूम तपासण्याची तयारी तिने दाखवली आहे. पण त्या तयारीची खरी परीक्षा झालेली नाही. परिषदेत नेमलेले सदस्य नऊ, मुदत नऊ वर्षं, आणि त्यांतले तीन राष्ट्राध्यक्ष निवडतो. त्या कडव्या उजव्या पक्षाच्या उमेदवार मारीन ल पेन यांनी २०२२ च्या प्रचारात हाच मार्ग उघडपणे सांगितला होता : निवडून आल्यावर स्थलांतरावर जनमत, कलम ११ खाली. घरं, नोकऱ्या आणि भत्ते यांत फ्रेंचांना प्राधान्य, जन्मभूमीवरून मिळणारं नागरिकत्व बंद, आणि घटना आंतरराष्ट्रीय करारांच्या वर. म्हणजे वित्रोलच्या त्या पाच हजार फ्रँकची अट यावेळी जनतेच्या सहीने, न्यायालयाच्या डोक्यावर नेऊन ठेवायची. त्यांच्या वडिलांना २००२ च्या दुसऱ्या फेरीत सुमारे १८ टक्के मतं होती. त्यांना स्वतःला २०१७ मध्ये सुमारे ३४, २०२२ मध्ये ४१ टक्क्यांवर. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना युरोपीय संसदेच्या पैशांच्या अपहारात दोषी ठरवून पाच वर्षं निवडणूकबंदी घातली, त्याविरुद्ध त्या अपिलात गेल्या. उमेदवार कुणीही असो, कार्यक्रम लिहून ठेवलेला आहे.

शोभेच्या समजल्या जाणाऱ्या पदांचीही हीच गोष्ट. २०१६ मध्ये ऑस्ट्रियात कडव्या उजव्यांचे उमेदवार नोर्बेर्ट होफर मे महिन्याच्या फेरीत एकतीस हजारांच्या आत मतांनी हरले. निकाल रद्द होऊन डिसेंबरात फेरमतदान झालं तेव्हा अंतर वाढलं. तिथला राष्ट्राध्यक्ष सरकार बडतर्फ करू शकतो. कुणी तसं करत नाही म्हणून लोक ते विसरले होते. काय काय शक्य आहे ते पाहून तुम्ही चकित व्हाल, या अर्थाचं होफर स्वतः दूरचित्रवाणीवर बोलून गेले. पोलंडमध्ये तर हे घडलंच. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रवादी उजव्यांच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या कारोल नावरोत्स्की यांनी पद हाती घेतलं, आणि त्याच महिन्यात युक्रेनी निर्वासितांच्या मदतीची मुदत वाढवणारं विधेयक परत पाठवलं. बालभत्ता फक्त काम करणाऱ्या युक्रेनींनाच मिळावा, ही त्यांची मागणी. सप्टेंबरच्या सुधारित कायद्यात ती अट आली. हे लोक चोरवाटेने आलेले नव्हते. प्रत्येकाकडे पोलंडनेच दिलेला कागद होता.

इथून दुसऱ्या विधानाकडे येतो.

कागद वाचवतो, असं मानणाऱ्यांनी अल्जीरियाच्या ज्यूंचा इतिहास वाचावा. ऑक्टोबर १८७० च्या क्रेमिय हुकमाने ते फ्रेंच नागरिक झाले. सत्तर वर्षं शाळेत, सैन्यात, कचेऱ्यांत फ्रेंच म्हणून वावरले. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेले. ७ ऑक्टोबर १९४० रोजी फ्रान्सच्या युद्धकाळातल्या व्हिशी सरकारने तो हुकूम रद्द केला आणि एक लाखाहून अधिक माणसांचं नागरिकत्व एका दिवसात गेलं. त्याच वर्षीच्या जुलैत १९२७ नंतर दिलेली सगळी नागरिकत्वं पुन्हा तपासण्याचा कायदा झाला होता. त्यात सुमारे पंधरा हजारांचं गेलं. आजचा पक्ष म्हणजे व्हिशी, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही कागद किती काळ जुना आहे याने तो पक्का होत नाही, हे याच देशाच्या इतिहासात लिहिलेलं आहे.

पाँडिचेरीच्या फ्रेंचांना हे कुणी शिकवायला नको. फ्रेंच नागरी संहितेत अशी तरतूद आहे की एखादं कुटुंब पन्नास वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलं आणि त्या काळात फ्रेंच नागरिक म्हणून वावरलं नाही, तर वंशजाला वारशाने आलेलं नागरिकत्व सिद्ध करता येत नाही. १९६२ पासून मोजा : २०१२. आजोबांनी लिहून दिलेली निवड खरी, जन्मदाखला खरा, तरी वडिलांनी वकिलातीत नाव नोंदवलं होतं का, पासपोर्ट काढला होता का, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं आहे का, यावर नातवाचं देश असणं-नसणं ठरतं. ही तरतूद कडव्या उजव्यांनी केलेली नाही. पण तिच्या टोकाला एक अधिकारी बसलेला असतो, आणि तो कागद सौम्यपणे वाचायचा की संशयाने, हे वरून येणाऱ्या वाऱ्यावर ठरतं. त्यासाठी कायदाही बदलावा लागत नाही. मे २०२५ मध्ये फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी, जे ल पेन यांच्या पक्षाचे नव्हेत, एका परिपत्रकाने नागरिकत्व देण्याचे निकष कडक केले.

हे सगळं ‘मूळचा कोण’ या ज्या कल्पनेवर उभं आहे तिच्याकडे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, न्यायदर्शनाच्या कसोटीने पाहू. लक्षणात, म्हणजे व्याख्येत, अतिव्याप्ती नको (नको ते आत येऊ नये) आणि अव्याप्तीही नको (हवं ते सुटू नये), हा पहिला धडा. ‘मूळचा’ याचं लक्षण तिरुवैयारूत करून पाहा. संगीतरचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) तिरुवारूरला जन्मले, आयुष्य इथे काढलं. घराणं तेलुगू, रचना बहुतांशी तेलुगूत, भोवतालची प्रजा तमिळ, राजे मराठी. भाषा हे लक्षण धरलं तर ज्यांच्यामुळे या गावाचं नाव जगात गेलं तेच गावाबाहेर पडतात. जन्म हे लक्षण धरलं तर तंजावरात जन्मलेले मराठी राजे मूळचे ठरतात आणि त्यागराजांच्या समाधिमंदिरासाठी आपली सारी पुंजी घालणाऱ्या बंगळूरच्या नागरत्नम्मा उपऱ्या. त्यागराजांच्या स्मरणार्थ इथे होणाऱ्या आराधनेत प्रत्येक गायकाच्या शेजारी जे व्हायोलिन असतं ते तर युरोपातून आलं, आणि याच काळात, याच मुलुखात ते कर्नाटक संगीतात रुळलं. कोणतंही लक्षण घ्या, कुणीतरी आपलं माणूस बाहेर राहतं.

इथेही हा वाद झाला आहे. १९४० च्या दशकात तमिळ गाणी मैफलीत दुय्यम का, असा प्रश्न उठला आणि १९४३ मध्ये मद्रासला तमिळ इसै संगम उभा राहिला. ती मागणी न्याय्य होती असं माझं मत आहे. आपल्या भाषेत गायला जागा मागणं वेगळं. परंतु ‘वंदेरी’, म्हणजे बाहेरून आलेला, हा शब्द आज तमिळ राजकारणात शिवीसारखा फिरतो, आणि साडेतीनशे वर्षं इथे राहिलेला तंजावरी मराठी त्यात सहज मोजला जातो. आणि आपणही हात झटकून उभे राहू शकत नाही. १९६६ नंतरच्या मुंबईत ‘मद्रासी’ म्हणून ज्यांच्या खाणावळी फोडल्या गेल्या, त्या दक्षिणेकडच्या माणसांत घरी मराठी बोलणारा तंजावरकर असता तर त्याची वेगळी मोजदाद कुणी केली असती? एकाच कुटुंबाला एका राज्यात मराठा म्हणून आणि दुसऱ्या राज्यात मद्रासी म्हणून परकं ठरवता येतं, इतकं हे लक्षण सैल आहे.

कोण आत येईल हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. ते मी नाकारत नाही. उत्तर फ्रान्समधल्या बंद गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांत जे ल पेन यांना मत देतात त्यांना मी वंशद्वेष्टे म्हणणार नाही. त्यांचं दुःख खरं आहे आणि इतर पक्षांनी ते फार उशिरा ऐकलं. सीमा राखणं हा एक प्रश्न आहे. आत असलेल्यांची, नागरिकांचीही, पुन्हा पुन्हा प्रतवारी लावणं हा दुसरा. ‘राष्ट्रीय प्राधान्य’ दुसऱ्यात मोडतं. २०२४ मध्ये ल पेन यांच्याच पक्षाचे जॉर्डन बार्देला यांनी दुहेरी नागरिकांना देशातली काही संवेदनशील पदं देऊ नयेत असं सुचवलं, तेव्हा तो सीमेचा प्रश्न उरलाच नव्हता. ती माणसं फ्रेंचच होती.

घाटावरच्या त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं नाही. संध्याकाळ झाली होती, त्यांना तंजावरची बस गाठायची होती. एवढंच विचारलं की तुमच्या स्नेह्यांच्या वडिलांचा निवडीचा दाखला कुठे आहे. ते म्हणाले, कारैकालच्या घरी लोखंडी कपाटात, १९६२ चा, घडीवर विरलेला. ‘अक्षर लागतं अजून?’ मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. सही लागते, म्हणाले; नाव नीट लागत नाही.