गंगेपलीकडचे बिऱ्हाड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवी शिकलेली, इतिहास लिहिण्याचा माझा काय अधिकार! पण आपण राहतो ती वसाहत कशी झाली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, म्हणून हे धाडस.

जुने नांदेड गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, उत्तर तीरावर. दक्षिणेला नदी, उत्तरेला 1900 च्या सुमारास आलेली आगगाडी. त्यांच्यामध्ये गुरुद्वारा, वजिराबाद, इतवारा आणि जुन्या गल्ल्या. 1948 साली निजामाची राजवट गेली, 1960 साली महाराष्ट्र झाला. कचेऱ्या आणि शाळा वाढल्या, खेड्यांतून माणसे आली. गाव फुगले, पण वाडे तेवढेच राहिले. एकेका खोलीत एकेक संसार!

सरकारने 1970 साली सिडको महामंडळ काढले ते नव्या मुंबईसाठी. पुढे त्याने नाशिकला, तेव्हाच्या औरंगाबादला आणि आपल्या नांदेडलाही नव्या वसाहती उभारल्या. आपली जागा निघाली नदीपलीकडे, वाघाळ्याच्या शिवारात. शेजारी हडकोची घरे झाली, आणि 'सिडको-हडको' हे जुळ्या बहिणींसारखे एकच नाव तोंडी बसले. 1997 साली महानगरपालिका झाली, तिच्या नावात नांदेडच्या जोडीला वाघाळाही आले. एका खेड्याचा एवढा मान मला फार आवडतो. त्याआधीच विष्णुपुरीला 1981 साली अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1994 साली विद्यापीठ आले होते, त्यामुळे पुलावरची वर्दळ दोन्ही बाजूंनी सुरू झाली.

आम्ही इकडे आलो त्याला वीस वर्षे झाली. यजमानांनी भाडे आणि हप्ता यांचा हिशेब मांडला. मी पाहिले ते एवढेच की दाराशी आपला नळ आणि आपला संडास असेल. वाड्यात सात बिऱ्हाडांत एक नळ होता. पहाटे चारला हंडा लावणाऱ्या बाईला हप्त्याचा आकडा कशाला दाखवायचा?

सासूबाई मात्र अडून बसल्या. "गंगा ओलांडून बिऱ्हाड? पलीकडं आपलं कोण आहे?" त्या रोज पायी घाटावर जात. त्या थोरल्या दिरांकडे जुन्या वाड्यातच राहिल्या. एका पावसाळ्यात पाणी गल्लीत शिरले, तेव्हा गाठोडे घेऊन आमच्याकडे आल्या. आठ दिवस राहिल्या, नळाखाली पाय धुताना हसल्यासुद्धा. पाणी उतरले तशा परत गेल्या.

लातूरच्या माझ्या धाकट्या बहिणीने गंजगोलाईची दाटी नको म्हणून शहराच्या कडेला घर घेतले. घर हवेशीर, पण पाहिले होते दिवाळीत! 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. तिच्या अंगणातली बोअर तेव्हा आटलेली. ती आता घर पाहणाऱ्यांना सांगते, वैशाखात जा, आणि घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारा.

आम्हाला इथे विचारायला शेजारीणही नव्हती. मोकळ्या प्लॉटांत बाभळी, संध्याकाळी सातनंतर रस्ता सुना. पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला पंधरा जणींना बोलावले. चौघीच आल्या, त्याही एकमेकींना अनोळखी. त्यांतल्या दोघी आज आपल्या मंडळात आहेत. सासूबाईही त्या दिवशी रिक्षाने पूल ओलांडून वाण घेऊन आल्या होत्या, आणि दिवे लागायच्या आत परत गेल्या.