पापनाशमची वाट आणि तंजावरची अन्नछत्रे

तंजावरहून कुंभकोणला जाणारी वाट सुमारे ४० किलोमीटरांची आहे. भूमी सपाट, दोन्ही अंगांना भातखाचरे, मधून मधून कावेरीचे फाटे, केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे. सायकलीवरून निघालेला प्रवासी घाई न करता अय्यमपेट्टै मागे टाकतो, दोन प्रहरी पापनाशमला थांबून केळीच्या पानावर भात-सांबार जेवतो, आणि दिवस मावळण्यापूर्वी कुंभकोणची कॉफी पितळी पेल्यातून घेतो. या सांबाराच्या नावाचा संबंध संभाजी महाराजांशी जोडणारी दंतकथा तंजावरात मोठ्या आवडीने सांगतात. कथा गोड आहे. परंतु मराठ्यांचे या वाटेवरील खरे ऋण तिच्याहून मोठे आहे.

पापनाशम म्हणजे पापाचा नाश करणारे स्थान. रावणवधानंतर श्रीरामांनी येथे दोषनिवारणार्थ शिवलिंगांची पूजा केली, हनुमंताने काशीहून लिंग आणले, अशी येथील १०८ शिवलिंगांच्या मंदिराची स्थलकथा आहे. काशी आणि रामेश्वर यांना जोडणारी ही श्रद्धा शतकानुशतके यात्रेकरूंना दक्षिणेकडे ओढीत आली. गोदेच्या किंवा कृष्णेच्या काठचा मराठी यात्रेकरू महिनोन्‌महिने पायी चालून या मुलखात येई. भाषा परकी, पदरचा शिधा संपत आलेला. अशा वेळी देवदर्शनाच्या आधी त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राही: आज रात्री अन्न कोठे मिळणार?

या प्रदेशात धान्याचा तोटा नव्हता. पापनाशमलगतच्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात सतराव्या शतकातील, नायक राजांच्या काळचे विटांचे कोठार आजही उभे आहे. वर्तुळाकार आणि घुमटासारखे निमुळते होत गेलेले हे कोठार सुमारे ३६ फूट उंच असून त्यात ३,००० कलम धान्य मावे, असे सांगतात. कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे माप. परंतु कोठारातील धान्य वाटसरूच्या पानात आपोआप पडत नाही. त्यासाठी चूल, आचारी, उत्पन्न लावून दिलेली जमीन आणि रोजच्या रोज देखरेख लागते. ही व्यवस्था म्हणजेच छत्र.

१६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. त्यांच्या वंशजांनी आणि विशेषतः राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाने यात्रामार्गांवर ठिकठिकाणी छत्रे उभी राहिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधविले.

या सरफोजीराजांच्या वाट्याला राज्य आले ते नावापुरतेच. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, वर्षाला १,००,००० पॅगोडा आणि उरलेल्या महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. सैन्य गेले, न्यायदान गेले, मुलूख गेला. अशा स्थितीत १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी कळकळीने मांडली ती छत्रांची गोष्ट.

त्या पत्रातून छत्रांचा दिनक्रम डोळ्यांपुढे उभा राहतो. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी-गोसाव्यांसह येईल त्या यात्रेकरूला शिजविलेला भात मिळे. शिजविलेले अन्न ज्याला चालत नसे, त्याला तांदूळ आणि मसाल्याचा कोरडा शिधा दिला जाई. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. नंतर घंटा वाजे आणि कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. तान्ह्या मुलांसाठी दूध, आजाऱ्यांसाठी वैद्य आणि औषध, पोरक्या मुलांसाठी शिक्षक, आणि वाटेत मरण आलेल्यास त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार, हेही छत्राच्याच कर्तव्यांत मोडे. यामुळे जातिभेद मावळला, असे नव्हे. परंतु दारी आलेल्यास उपाशी परत पाठवावयाचे नाही, हा नियम सर्वांना सारखा होता.

राजा येथे स्वतःच्या मानमरातबासाठी भांडत नाही. सत्ता गेली तरी अन्न देण्याचे कर्तव्य चुकू नये, एवढेच त्याचे मागणे आहे. पूर्वजांनी सुरू केलेला हा धर्म आपल्या हातून खंडित झाला, तर प्रजेपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे, ही चिंता त्यामागे दिसते.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि उरलेसुरले राजपदही संपले. पुढे आगगाडी आली. पायी महिने खाणारी यात्रा दिवसांवर आली; उपाहारगृहे निघाली, आणि वाटेवरचे अन्न दाम मोजून मिळू लागले. आज पापनाशमला दोन प्रहरी जेवून पुढे निघणाऱ्या प्रवाशाला रात्रीची चिंता नसते. परंतु ज्याच्या गाठीला दाम नव्हता आणि ओळखीचे कोणी नव्हते, अशा वाटसरूलाही याच मुलखात एके काळी तितकाच निर्धास्तपणा लाभला होता. मध्यरात्रीची ती घंटा त्याच्यासाठीच वाजत असे.