दमसासाची तालीम

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघणाच्या कारकिर्दीत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला, तेव्हा नादाची उत्पत्ती सांगताना त्याने आरंभ कंठापासून केला नाही. आत्मा मनाला प्रेरितो, मन देहस्थ अग्नीला आघात करते, अग्नी वायूला चाळवितो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या क्रमाने वर चढत ध्वनिरूप होतो, अशी त्याची मांडणी आहे. हे शारीरशास्त्र आजच्या वैद्यास मान्य होणार नाही. तथापि गाण्याचे मूळ गळ्याच्या बरेच खाली आहे, ही खूणगाठ त्यात पक्की आहे. त्याच ग्रंथात गायकाचे जे पंचवीस दोष मोजले आहेत, त्यांत दात आवळून गाणाऱ्याबरोबर वारंवार सूत्कार करणाराही आहे. अशा मंडळींचा वंश अद्याप खुंटलेला नाही, हे कोणत्याही बैठकीत ध्यानी येते.

घराण्यांच्या तालमीत श्वास हा निराळा पाठ नव्हता. तो खर्जातून अंगी मुरे. पहाटे तंबोरा जुळवून शिष्याने मंद्र षड्ज आकारात लावावयाचा, आणि तो डळमळू न देता पुरेल तितका वेळ धरावयाचा. शेवटाकडे स्वराला किंचित कंप सुटला की उस्ताद जाणे, श्वास मघाच सरला असून पोरगा आता केवळ गळ्याच्या जोरावर ओढतो आहे.

ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या दरबारी मात्र दमसासाला मर्दुमकीचे रूप आलेले दिसते. बडे महंमदखाँशी चढाओढ करताना ‘कडक बिजली’ नावाची तान हस्सूखाँनी पुन्हा घेतली आणि बरगडीवर ताण येऊन त्यांच्या मुखातून रक्त आले, ही आख्यायिका गवई मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तिच्यातला अभिमान मला तर काहीसा अघोरीच वाटतो. त्याच ग्वाल्हेरीची गायकी वासुदेवबुवा जोशी यांजपासून घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात रुजविली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गायनविद्येला वर्ग, तास आणि परीक्षा यांची शिस्त लावली. विद्या सर्वांना खुली झाली, हे उपकार मोठेच. पण पहाटेचा खर्ज तासाच्या वेळापत्रकात बसेना.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या आश्रयाने राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट निराळी. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, आणि पुढे बदललेल्या आवाजाला सोसेल अशी नवी गायकी त्यांनी घडविली: विलंबित लयीत एकातून दुसरी निघणारी, मध्ये कोठे तुटू न देणारी लांबच लांब स्वरवाक्ये. दम किती साठविला यापेक्षा जमाखर्च कसा राखला, यालाच तेथे महत्त्व. केसरबाई केरकर १९२१ च्या सुमारास त्यांच्या तालमीत आल्या, तेव्हा अनेक गुरूंकडे शिकून त्यांचे नाव झालेले होते. तरीही खाँसाहेबांनी त्यांना पहिल्यापासून घासून घेतले. पुढे त्यांच्या गाण्यात समेवर येतानाही श्वासाची शिल्लक जाणवे, आणि मुखडा संपून पुढची आवर्तने सुरू होण्यापूर्वी त्यांनी दम घेतला कोठे, हे जाणकारांनाही चटकन सांगता येत नसे.