चिठ्ठीवरचं लॅटिन

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात पायाला तिरकी रेघ मारलेला एक इंग्रजी ‘आर’ असतो. इजिप्तच्या होरस देवाच्या डोळ्याशी त्याचं नातं जोडणारी गोष्ट पुष्कळ जण सांगतात. ऐकायला ती छान आहे, एवढंच. हा ‘आर’ लॅटिनमधल्या ‘रेसिपे’चा, म्हणजे ‘घे’ या आज्ञेचा. आणि ही आज्ञा रोग्याला नाही, औषध बनवणाऱ्याला आहे: अमुक घे, तमुक घे, खलात घोट. आपल्या स्वयंपाकघरातली ‘रेसिपी’ ती हीच. इंग्रजीत हा शब्द आधी औषधाच्या कृतीसाठी आला, पुडिंगच्या कृतीसाठी मागाहून.

घोटण्याचं काम आपल्याकडे कंपाउंडरचं. कंपाउंडर म्हणजे घटक एकत्र करणारा. आता तो बहुतेक ठिकाणी नंबर लावतो आणि पैसे घेतो, पण एके काळी नावाप्रमाणे खरंच औषध कालवायचा. मिक्श्चरसाठी बाटली घरून न्यावी लागे. औषध भरून झालं की कागदाची पट्टी घेऊन कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडायच्या आणि ती बाटलीवर उभी चिकटवायची. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ते वाचता यायचं. मिक्श्चरबरोबर पट्टी गेली, आद्याक्षरं मात्र राहिली.

त्यातली बीडी आणि टीडीएस ही जोडी रोजच्या भेटीतली. पहिलीने विडी आठवते, दुसरीने प्राप्तिकर. ‘बिस दिए’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘तेर दिए सुमेंदुम’ म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावयाचे. हे वाटतं तितकं परकं नाही. ‘बिस’ला संस्कृतात ‘द्विस्’, ‘तेर’ला ‘त्रिस्’, आणि ‘दिए’ हे तर आपल्या दिवसाचंच नातेवाईक. ‘ओडी’ची तऱ्हा निराळी. साध्या चिठ्ठीवर ती ‘रोज एकदा’, डोळ्यांच्या दवाखान्यात उजवा डोळा आणि तातडीच्या विभागात ओव्हरडोस.

खरा घोळ ‘एसओएस’चा. जहाज बुडताना धाडायची ती खूण वेगळी. 1906 च्या बर्लिन परिषदेत ती ठरली, आणि ती कसलंही संक्षिप्त रूप नव्हती. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं ठोकायला सोपी म्हणून निवडलेली. चिठ्ठीवरचं एसओएस म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज असेल तर. एकात जिवावर बेतलेलं, दुसऱ्यात दुखलं तरच घ्या, नाहीतर गोळी तशीच राहू द्या. पॅरासिटॅमॉलपुढे एसओएस पाहून घरच्यांनी ती तातडीची, चुकवायची नाही अशी समजून दिवसभर चालू ठेवली तर त्यांना दोष कसा द्यायचा? त्या गोळीचं प्रमाण वाढलं तर यकृताला इजा होते. भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्ये नियम दुरुस्त करून औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. चांगलं झालं. पण सुवाच्य एसओएस हे सुवाच्य लॅटिनच. ‘दुखल्यास’ लिहायला चार अक्षरं लागतात.

औषधाच्या दुकानात यावर तोड कधीच निघाली आहे: 1-0-1. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. यात भाषाच नाही, म्हणून भाषांतराची भानगड नाही. शून्याचा इतका लोकोपयोगी वापर दुसरा पटकन आठवत नाही. उणीव एकच: गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे आकडा सांगत नाही.

आणि पोटाचा प्रश्न आला की आपली मराठीही घोळ घालते. रक्तातली साखर तपासायला ‘उपाशी या’ म्हणून सांगतात. ‘उपाशी’ आला ‘उपवासी’वरून, आणि उपवास म्हणजे मुळात जवळ राहणं, देवाच्या किंवा अग्नीच्या. न खाणं त्याला नंतर चिकटलं, आणि पुढे त्यालाही साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी चिकटली. उपासाला चहा तर चालतोच चालतो. तेव्हा ‘उपाशीच आलोय, फक्त कपभर चहा घेतला’ असं कोणी प्रयोगशाळेच्या खिडकीशी सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. या तपासणीला किमान 8 तास पोटात काही नको; साधं पाणी तेवढं चालतं.

त्यापेक्षा ‘अनशापोटी’ हा शब्द कडक. त्यात अनशनातला ‘अश्’ आहे, खाणे. न खाल्लेल्या पोटी. फराळाला तिथे वाव नाही. आजीच्या काढ्याबरोबर हा शब्द मागे पडला. तपासणीच्या कागदावर तो परत आणायला माझी काही हरकत नाही, पण विशीतल्या मुलांना तो आता समजावून सांगावा लागेल, हेही खरं.

शस्त्रक्रियेआधी खाटेला लागणारी ‘एनबीएम’ची पाटी याहून सक्त. ‘निल बाय माउथ’, त्यातलं ‘निल’ पुन्हा लॅटिनच. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला धोका, म्हणून अन्न कधीपासून बंद आणि पाणी कधीपासून, हे भूलतज्ज्ञ वेगवेगळं सांगतात. नातेवाइकांशी बोलताना सिस्टर एनबीएम म्हणतच नाहीत. ‘तोंडी काही द्यायचं नाही’ म्हणतात, आणि थर्मासकडे बोट दाखवून लगेच जोडतात, ‘चहासुद्धा नाही.’